सालबीज, कोकम आणि बेल्जियमचे चॉकलेट

एखाद्या पदार्थाशी एखाद्या देशाचे नाव जडले म्हणजे त्या पदार्थाचे मूळही त्याच देशात असले पाहिजे, असा आपला सहज समज होतो. बेल्जियमच्या चॉकलेटविषयी हा समज जगभर रूढ आहे. वस्तुतः काचेच्या उष्णगृहाबाहेर बेल्जियमच्या भूमीत कोकोचे एकही झाड वाढत नाही. कोकोला विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सुमारे वीस अंशांपर्यंतचा उष्ण व दमट प्रदेश लागतो, आणि ब्रुसेल्स आहे पन्नासाव्या अंशाच्याही उत्तरेस. उलटपक्षी, आपल्या छत्तीसगढच्या अरण्यात आणि कोकणच्या परसात अशी दोन झाडे आहेत, की ज्यांच्या बियांतील स्निग्ध द्रव्याला युरोपच्या चॉकलेटविषयक कायद्यात नावानिशी स्थान मिळालेले आहे. परंतु चॉकलेटचे नाव निघाले असता या झाडांची आठवण कोणासही होत नाही. हे असे का झाले, याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि भिलाईसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला तो विशेष विचार करावयास लावणारा आहे.

कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यातले. मध्य अमेरिकेतील माया आणि अॅझटेक लोक त्याच्या बिया भाजून, वाटून, मिरची वगैरे मसाला घालून त्यांचे फेसाळ पेय करीत. अॅझटेकांच्या बाजारात या बिया नाण्यासारख्याही चालत. १५२१ मध्ये स्पेनने अॅझटेकांचे राज्य जिंकले आणि हे पेय युरोपात गेले. तेथे मिरची गेली व साखर आली. ज्या भूभागास आज आपण बेल्जियम म्हणतो, तो त्या काळी स्पेनच्या राजसत्तेखाली होता, आणि १७१४ पर्यंत राहिला. त्यामुळे सतराव्या शतकातच तेथील सरदार व धर्मगुरू यांच्या पंगतीला हे पेय जाऊन बसले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ मध्ये या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा होतो. परंतु तोपर्यंत चॉकलेट म्हणजे प्यावयाचीच वस्तू होती, खावयाची नव्हे.

हा पालट एकोणिसाव्या शतकात झाला, आणि तो यंत्रामुळे झाला. कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. १८२८ मध्ये हॉलंडमधील व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्याने दाबयंत्राने हा स्निग्धांश पिळून वेगळा काढण्याची रीत बसविली. मागे उरलेल्या चोथ्याची भुकटी झाली आणि पेय हलके झाले. पण वेगळ्या निघालेल्या कोको-बटरचे करावयाचे काय? १८४७ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथील फ्राय मंडळींनी ते भुकटी आणि साखर यांच्यात पुन्हा मिसळले, आणि साच्यात ओतता येईल, चावून खाता येईल अशी वडी तयार झाली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटरने तिच्यात दूध आणले. १८७९ मध्ये रुडॉल्फ लिंट याने हे मिश्रण तासन्‌तास घोटून त्याला मऊपणा आणला. या साऱ्या शोधांत चॉकलेटच्या चवीइतकेच महत्त्व कोको-बटरला आले, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पुढचा सारा इतिहास या एका स्निग्ध द्रव्याभोवती फिरतो.

बेल्जियमने यात आपली भर घातली ती त्यानंतर. जाँ न्यूहाउस नावाचा स्विस वंशाचा गृहस्थ १८५७ मध्ये ब्रुसेल्सला आला आणि राणीच्या नावाच्या छत असलेल्या बाजारपेठेत त्याने औषधांचे दुकान थाटले. कडू औषधावर तो चॉकलेटचा लेप देत असे. त्याच्याच नावाच्या त्याच्या नातवाने १९१२ मध्ये औषध काढून टाकले आणि चॉकलेटच्या पोकळ कवचात गोड सारण भरले. हेच बेल्जियमचे प्रसिद्ध प्रालिन. ही नाजूक फळे कागदी पुडीत चुरडली जात, म्हणून नातवाच्या पत्नीने १९१५ मध्ये त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची खास पेटी योजली. वीझ गावच्या कॅलेबो घराण्याने १८५० मध्ये बिअरचा कारखाना काढला होता; १९११ पासून ते चॉकलेट करू लागले आणि पुढे इतर कारागिरांना लागणारे तयार चॉकलेट पुरविण्यात त्यांचा हातखंडा झाला.

या गोड इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८५ ते १९०८ पर्यंत आफ्रिकेतील काँगो हा अफाट प्रदेश बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजाची खाजगी मालमत्ता होता. रबरासाठी तेथील रयतेवर जे अत्याचार झाले, त्यांचा बोभाटा होऊन १९०८ मध्ये काँगो बेल्जियमच्या सरकारकडे गेला, आणि १९६० मध्ये तो स्वतंत्र झाला. बेल्जियमचा सगळाच कोको काँगोतून येत होता असे नव्हे. पण खालच्या काँगोतील मायोंबे भागात कोकोचे मळे उभे राहिले आणि त्यांचा माल अँटवर्प बंदरात उतरू लागला. बी तिकडे पिकावी, विद्या इकडे वाढावी, ही वाटणी अशा रीतीने पक्की झाली. आजही जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. आणि तो पिकविणाऱ्या शेतकऱ्याला चॉकलेटची चव क्वचितच ठाऊक असते.

ही विद्या म्हणजे नेमके काय, हे पुस्तकापेक्षा हाताने अधिक कळते. युरोपच्या प्रवासात ब्रुसेल्सच्या मोठ्या चौकाजवळील एका लहानशा कार्यशाळेत चॉकलेट करावयास शिकविणाऱ्या वर्गाला मी दोन-अडीच तास बसलो होतो. बसलो म्हणण्यापेक्षा उभा होतो म्हणणे बरे, कारण तेथे बसावयाचे काम नव्हते. दहा-बारा शिकाऊ मंडळी, प्रत्येकाच्या अंगावर पुढून बांधावयाचे वस्त्र आणि मध्ये संगमरवराची लांब शिळा. शिक्षिकेने काळे चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत वितळविले. त्यातले दोन-तृतीयांश तिने शिळेवर ओतले आणि रुंद पात्याने पसरावे, गोळा करावे, पुन्हा पसरावे, असे सुरू केले. सुमारे अठ्ठावीस अंशांवर ते दाटले, तेव्हा चपळाईने ते उरलेल्या चॉकलेटमध्ये परत घालून तिने सारे मिश्रण एकतीस-बत्तीस अंशांवर आणले. उष्णतामापक जवळ होता. पण ती मधून मधून पात्याचे टोक ओठाच्या खाली लावून पाही आणि मगच मापकाकडे नजर टाकी. नंतर साचे भरणे, ते आपटून हवेचे बुडबुडे काढणे, साचा उलटा करून जादा चॉकलेट निथळविणे, भाजलेल्या हेझलनटाचे सारण भरणे आणि वरून झाकण ओतणे, ही कामे आम्ही केली. थंड झाल्यावर साचा उलटा केला, तेव्हा ती फळे आपोआप सुटून खाली पडली. त्यांच्यावर आरशासारखी चकाकी होती आणि मोडताना टच्‌ असा आवाज येत होता.

या वितळवणे-थंडवणे-तापवणे क्रियेला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच शब्द पोलादाच्या कामातही आहे. भिलाईच्या माणसाचे कान अशा शब्दाला टवकारतात. आपला लोहार कोयत्याच्या धारेला ‘पाणी देतो’ तेव्हा तो लोखंडात नवे काही घालीत नाही. उष्णतेच्या चढउताराने त्याची आतली घडण तेवढी बदलतो. चॉकलेटचेही तसेच आहे. कोको-बटरचे स्फटिक सहा निरनिराळ्या प्रकारांनी बांधले जाऊ शकतात, हे संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्यांपैकी पाचवा प्रकार तेवढा उपयोगाचा. तो सुमारे तेहतीस-चौतीस अंशांवर वितळतो, म्हणजे हातात घट्ट राहतो आणि तोंडात विरघळतो. बाकीच्या प्रकारांनी चॉकलेट मऊ पडते, साच्याला चिकटते, किंवा त्यावर पांढुरकी झाक येते. शिळेवरची ती सारी खटपट या पाचव्या स्फटिकासाठी असते. विज्ञानाने त्याला क्रमांक देण्याच्या कितीतरी आधी कारागिराच्या ओठाला तो ओळखू येत होता.

आता साहजिकच प्रश्न येतो, की हा गुण फक्त कोकोच्याच बीत आहे काय? कोको-बटरचे बहुतेक रेणू पामिटिक, ओलेइक आणि स्टिअरिक या तीन आम्लांच्या विशिष्ट मांडणीने बनलेले असतात. कोको महाग झाला की कारखानदार अशाच मांडणीचे दुसरे तेल शोधू लागतात. हा शोध त्यांना ज्या झाडांपाशी घेऊन आला, त्यांत आपले साल आहे.

साल हा छत्तीसगढचा राज्यवृक्ष. गावकरी त्याला सरई म्हणतात. त्याच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होतात, त्याच्या चिकापासून राळ मिळते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला सर जॉन शोअर या गव्हर्नर-जनरलाचे नाव दिले, आणि राज्यकर्त्यांचे लक्ष त्याच्या लाकडावर खिळले. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग पसरू लागले, तेव्हा रुळांखाली घालावयास सालाइतके टिकाऊ लाकूड थोडेच होते. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन होऊन नागपूर-छत्तीसगढचा लोहमार्ग तिच्याकडे आला. त्या काळच्या सरकारी दप्तरात साल म्हणजे स्लीपर, एवढाच हिशेब दिसतो. पुढे भिलाईत रूळ तयार होऊ लागले. रुळाखालचे लाकूड आणि वरचे पोलाद ही दोन्ही या एकाच प्रदेशाने देशाला दिली. सालाच्या बीकडे मात्र शंभर वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. अरण्यातील लोक तिचे तेल दिव्याला वापरीत आणि दुष्काळात ती बी उकडून खात. बाहेरच्या जगाच्या लेखी ती निरुपयोगी होती.

ही बी गोळा करणे सोपे नाही. मेच्या अखेरीस, ऐन उन्हात, पाच पाकळ्यांसारखे पंख असलेली ही फळे वाऱ्यावर भिरभिरत खाली येतात. पाऊस पडण्यापूर्वी ती वेचावी लागतात. भिजली की काही दिवसांतच रुजतात किंवा कुजतात, आणि त्यांच्या तेलाची आम्लता वाढून ते चॉकलेटच्या कामाचे राहत नाही. भिलाईहून दक्षिणेस धमतरी ओलांडून नगरीकडे किंवा पुढे कोंडागावच्या बाजूस त्या दिवसांत गेले, म्हणजे पहाटेपासून बायका-मुले झाडांखाली वेचणी करताना दिसतात. फळे अंगणात वाळवून, पंख जाळून, टरफल फोडून आतला गर काढावयाचा. चॉकलेटच्या कारागिरीतील पहिली पायरी खरे पाहता येथेच सुरू होते. कारण या अंगणात दोन दिवसांची दिरंगाई झाली, तर पुढच्या कोणत्याही यंत्राला ती भरून काढता येत नाही.

कोकणातील कोकमाची कथा याहून घरगुती आहे. रातांब्याच्या सालीची आमसुले होतात हे प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या म्हणजे वर जो स्निग्धांश तरंगतो, तो काढून मुठीत वळून ठेवतात. हेच भिरंडेल किंवा मुठेल. हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की आजीच्या फडताळातून तो पिवळसर-पांढरा गोळा बाहेर येई. चॉकलेटला जी मांडणी हवी, तिच्यातील स्टिअरिक आम्लाचा भाग या गोळ्यात फार मोठा आहे. म्हणून तो चाळीस अंशांच्या आसपासपर्यंत टणक राहतो. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेथे या गुणाची किंमत वेगळी सांगावयास नको.

युरोपात मात्र या परक्या तेलांवरून मोठे वादंग माजले. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपीय समुदायात आले. या देशांत चॉकलेटमध्ये थोडे अन्य वनस्पतिज तेल घालण्याची चाल होती; बेल्जियम, फ्रान्स, इटली, स्पेन यांना ती मान्य नव्हती. कोको-बटरवाचून दुसरे तेल ज्यात आहे, ते चॉकलेटच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. सुमारे तीस वर्षे हा तंटा चालला. अखेर २३ जून २००० रोजी युरोपीय संघाने कायदा केला, की तयार मालाच्या पाच टक्क्यांपर्यंत सहाच झाडांचे तेल घालता येईल, आणि तसे वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागेल. ती सहा अशी: इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. यांपैकी साल, कोकम आणि आंबा ही तीन झाडे आपल्या नित्य परिचयातली आहेत. इटली आणि स्पेन यांनी तरीही अशा मालाला चॉकलेट म्हणू दिले नाही, तेव्हा जानेवारी २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यानंतर युरोपातील एखाद्या दुकानात स्वस्त वडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘साल’ हे नाव वाचावयास मिळू लागले. परभाषेच्या त्या दाटीत आपल्या अरण्यातील झाडाचे नाव जसेच्या तसे पाहून छत्तीसगढच्या माणसाला क्षणभर थबकल्यासारखे होते.

या पाच टक्क्यांत सगळ्यांचेच हित आहे, असे मात्र मानता येत नाही. आफ्रिकेतील कोको पिकविणाऱ्या देशांनी या कायद्याला विरोध केला होता, आणि तो सकारण होता. युरोपच्या चॉकलेटमध्ये जेवढे साल वा शिया शिरेल, तेवढा कोको कमी खपणार. म्हणजे बस्तरच्या वेचणारणीच्या पदरात पडणारे चार पैसे घानाच्या शेतकऱ्याच्या पदरातून निसटण्याचा संभव आहे. दोघेही गरीब, दोघांनीही एकमेकांना पाहिलेले नाही. आणि त्यांच्यातील हा हिशेब तिसऱ्याच ठिकाणी मांडला जातो. कच्चा माल तेवढा विकणाऱ्यांची स्पर्धा नेहमी एकमेकांशीच लागते, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव येथेही खरा ठरतो.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. मध्य प्रदेशाच्या १९६९ च्या वनोपज व्यापार-विनियमन कायद्याच्या आधाराने सालबीजाची खरेदी पुढे सरकारच्या हाती आली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. त्याच वर्षी युरोपचा तो कायदाही झाला होता. येथील लघु वनोपज संघ गावोगावच्या सहकारी समित्यांमार्फत ही बी विकत घेतो, आणि केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची जी योजना सुरू केली, तिच्या यादीत सालबीज आहे. व्यापाऱ्याच्या तराजूपासून वेचणारणीचे रक्षण व्हावे, हा या साऱ्याचा हेतू. शासनाच्या सेवेत असल्यामुळे या योजनांचे मोल मी जाणतो. पण किमतीचे रक्षण आणि विद्येची प्राप्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बीला भाव बांधून देता येतो. तिच्यापासून पुढे काय होते, हे शिकविल्याखेरीज भावाच्या पलीकडे जाता येत नाही.

हे अशक्य आहे असे भिलाईत बसून तरी म्हणवत नाही. राजहऱ्याच्या डोंगरातील लोहखनिजाची नोंद भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच केली होती. खनिज होते, पण पोलाद नव्हते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला; आपले अभियंते आणि कामगार तिकडे जाऊन भट्ट्यांपुढे उभे राहून शिकले, तिकडचे तज्ज्ञ इकडे येऊन खांद्याला खांदा लावून राबले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाचे पुस्तक आपण त्याआधीही वाचू शकत होतो. हात मात्र दुसऱ्याच्या हाताशेजारी ठेवूनच तयार झाला.

गोड पदार्थाच्या क्षेत्रातही याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारी आहे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील शेतकऱ्यांनी सुपारीच्या बागांत कोको लावला. भाव कोसळून खरेदीदारांनी पाठ फिरविली, तेव्हा १९७३ मध्ये स्थापन झालेली सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था कॅम्पको पुढे आली. तिने केवळ बी विकत घेतली नाही, तर १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभारला. महाराष्ट्रात बारामतीला २०२१ मध्ये कॅलेबोचे नाव धारण करणाऱ्या जागतिक कंपनीचाही कारखाना सुरू झाला आहे. वीझची विद्या भीमेच्या खोऱ्यात येऊन पोचली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु पुत्तूर आणि बारामती यांच्यात एक फरक आहे, आणि तो विसरता कामा नये. एका ठिकाणी कारखाना बागाइतदाराच्या मालकीचा आहे; दुसऱ्या ठिकाणी तो येथे केवळ नांदावयास आला आहे.

नगरीच्या किंवा कोंडागावच्या एखाद्या समितीने बी वाळविण्याची ओसरी, टरफल काढण्याचे यंत्र आणि तेलाची आम्लता तपासण्याची लहानशी प्रयोगशाळा आपल्या अंगणात आणली, तर तेथील मुलींना हे शिकविणे ब्रुसेल्सच्या त्या वर्गाहून अवघड नाही. पंचेचाळीस, अठ्ठावीस, बत्तीस हे आकडे कोणत्याही देशाची मालमत्ता नव्हेत. त्या कार्यशाळेत माझ्या शेजारी कोरियाची एक विद्यार्थिनी आणि ब्राझीलचे एक वृद्ध जोडपे होते. दोन तासांत सर्वांच्या साच्यांतून सारखीच चकचकीत फळे सुटून पडली. बेल्जियमने आपली कीर्ती झाडावर नव्हे, तर पिढ्यानुपिढ्या शिकविलेल्या हातावर उभी केली आहे. ज्यांच्या अंगणात झाड आहे, त्यांना तो हात लाभावा, एवढेच काय ते आता उरले आहे.